बिल्ला चोख, नोंदवही सुस्त : शहराच्या पाळीव प्राणी नोंदणी सेवेचा दोन वर्षांचा अनुभव

वाघ्याच्या गळपट्ट्याला अडकवलेला नोंदणीचा बिल्ला अंगठ्याच्या नखापेक्षा जेमतेम मोठा आहे. एका बाजूला शहराचे नाव, दुसऱ्या बाजूला परवाना क्रमांक आणि पालिकेचा दूरध्वनी, एवढाच मजकूर त्यावर कोरलेला आहे, आणि दोन वर्षे चिखल, पाऊस व पलंगाखालची घासाघीस सोसूनही त्यातला एकही आकडा पुसट झालेला नाही. हे मुद्दाम आधी सांगते, कारण या सेवेबद्दल पुढे थोडे कडवट लिहावे लागणार आहे, आणि जे चांगले आहे त्याचे माप त्याच्या पदरात आधी पडलेले बरे.

परीक्षण आहे ते नगरपालिकेच्या पाळीव प्राणी नोंदणी सेवेचे. छोट्या शहरात कुत्री-मांजरे पाळणाऱ्यांसाठी नोंदणी, लसीकरण, रस्त्यावरची दोरी, विष्ठा उचलणे, भुंकण्याचा उपद्रव आणि घरात किती प्राणी ठेवावेत याची मर्यादा, असे जे स्थानिक नियम असतात त्या साऱ्यांचे दार म्हणजे ही एक खिडकी. नियम कागदावर कितीही नेटके असले तरी पाळणाऱ्याला ते भेटतात या खिडकीतूनच, त्यामुळे त्यांचा कसही इथेच लागतो. माझ्याकडे एक कुत्रा आणि एक मांजर आहे. पहिली नोंदणी, दोन नूतनीकरणे, माझ्याविरुद्ध झालेली एक तक्रार आणि कुत्रा हरवल्याचा एक प्रसंग, एवढ्या वेळा या सेवेशी माझी गाठ पडली.

पहिल्या नोंदणीला कागद मोजकेच लागतात. पशुवैद्यकाच्या सहीशिक्क्याचा रेबीज लसीकरणाचा दाखला, त्यावर लसीचा बॅच क्रमांक आणि पुढच्या मात्रेची तारीख. राहत्या पत्त्याचा पुरावा. नसबंदी झाली असल्यास तिचा दाखला. आणि प्राण्याची दोन छायाचित्रे, एक उजव्या बाजूने, एक डाव्या बाजूने. ही शेवटची अट मला तेव्हा अगदीच सरकारी वाटली होती. वाघ्या उजव्या बाजूने पाहिला तर कुठल्याही गल्लीत दिसावा असा साधा काळा कुत्रा आहे. डाव्या कानाच्या टोकाला मात्र चुन्याचे बोट लागल्यासारखा पांढरा डाग आहे, आणि तो डावीकडूनच दिसतो. दोन छायाचित्रे मागण्यामागे कुणीतरी विचार केला होता हे मला दीड वर्षाने कळले.

कागद तपासून झाल्यावर लिपिकबाईंनी स्कॅनर काढला. वाघ्याच्या कातडीखाली ओळख क्रमांकाची चिप आधीच बसवलेली होती आणि दाखल्यावर तिचा क्रमांकही होता, तरी त्यांना तो प्रत्यक्ष वाचून पाहायचा होता. दोन खवाट्यांच्या मध्ये, म्हणजे जिथे चिप टोचतात तिथे, त्यांनी यंत्र धरले आणि काहीच उमटले नाही. पुष्कळ ठिकाणी याच क्षणी ‘चिप सापडली नाही’ असा शेरा पडतो. बाईंनी तसे केले नाही. यंत्र अंगाला जवळजवळ टेकवून, तेल चोळावे इतक्या सावकाशीने त्यांनी ते मानेपासून पाठीवर नागमोडी फिरवले, मग दोन्ही खांद्यांवरून पुढच्या पायांकडे उतरवले, आणि डाव्या कोपराच्या जरा वर बारीक ‘टिंग’ झाले. “सरकते हो ताई ही, दोन खवाट्यांत शोधून सगळे सोडून देतात,” असे म्हणून त्यांनी पंधरा आकडे मोठ्याने वाचले आणि मी दाखल्यावर बोट ठेवून ते एकेक करून जुळवले. सगळे मिळून दहा मिनिटे लागली असतील. या सेवेने मला दिलेला सर्वांत चांगला अनुभव तो.

चिपबद्दल लोकांच्या मनात इतके गैरसमज आहेत की थोडे थांबून सांगायला हवे. ती सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी काचेची बंद कुपी असते. तिच्यात बॅटरी नसते, त्यामुळे ती संपत नाही आणि स्वतःहून काही पाठवतही नाही. स्कॅनरच्या चुंबकीय क्षेत्रात आली की तेवढ्यापुरती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. आंतरराष्ट्रीय प्रमाणकांनुसार, म्हणजे आयएसओ ११७८४ आणि ११७८५ यांनुसार, बनवलेल्या चिपा १३४.२ किलोहर्ट्‌झवर वाचल्या जातात आणि त्यांचा क्रमांक पंधरा आकडी असतो. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे किंवा उत्पादकाचे असतात. जुन्या काही चिपा १२५ किंवा १२८ किलोहर्ट्‌झच्या आहेत आणि एकाच वारंवारतेचा स्कॅनर त्यांच्यावरून फिरला तर त्याला त्या दिसतच नाहीत. आमच्या खिडकीवरचे यंत्र तिन्ही वाचते, हा खरेदी करणाऱ्याचा शहाणपणा. चिपेत पत्ता नसतो, नाव नसते, आणि कुत्रा कुठे आहे हे ती कधीच सांगू शकत नाही. ती फक्त क्रमांक सांगते. त्या क्रमांकापुढे कुणाचे नाव आणि कुणाचा दूरध्वनी लिहिलेला आहे हे दुसऱ्या कुठल्यातरी नोंदवहीत असते, आणि या परीक्षणातला सगळा बखेडा त्या नोंदवहीचा आहे.

नोंदणी झाली की हातात एक छोटी नियमपुस्तिका पडते. नियमांची पुस्तिका वाचनीय असू शकते यावर माझा विश्वास नव्हता, पण हिचा रेबीजवरचा भाग मी दोनदा वाचला. लस कधी द्यावी, एवढेच सांगून तो थांबत नाही. पहिली मात्रा पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर का द्यायची, तर त्याआधी आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लसीच्या कामात आडवी येऊ शकतात. मग वर्षाने पुन्हा, आणि त्यानंतर लसीच्या प्रकाराप्रमाणे दर वर्षी किंवा तीन वर्षांनी. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि थेट दवाखाना गाठायचा, कारण लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. चावणाऱ्या पाळीव कुत्र्याला दहा दिवस बांधून निरीक्षणाखाली ठेवण्याच्या नियमाचे कारणही तिथे दिले आहे. लक्षणे दिसण्याच्या फार तर काही दिवस आधीपासून विषाणू कुत्र्याच्या लाळेत येतो, त्यामुळे चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे म्हणता येते. हे समजले की तो नियम शिक्षेसारखा वाटत नाही. माणसाचे उपचार मात्र या दहा दिवसांसाठी अडवून ठेवायचे नसतात, हे वाक्य पुस्तिकेत ठळक अक्षरांत हवे होते; ते परिच्छेदाच्या तळाशी दडले आहे.

याच भागात एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने दगावतात, माणसाला होणाऱ्या लागणीपैकी ९९ टक्के कुत्र्यांकडून येते, आणि एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असेल तर प्रसाराची साखळी तुटते. आता हे ७० टक्के कशाचे काढायचे? शहरात कुत्री किती आहेत हेच ठाऊक नसेल तर लसी किती टोचल्या या आकड्याला अर्थ उरत नाही. नोंदणी म्हणजे पालिकेने लावलेला आणखी एक कर, अशी कुरकुर खिडकीसमोरच्या रांगेत दर वेळी ऐकू येते. या एका हिशेबाने तिला उत्तर मिळाले असते. पुस्तिका लिहिणाऱ्याने ती संधी घालवली.

दोरीच्या नियमापाशी मात्र पुस्तिका चाचरते. सार्वजनिक जागी कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीने बांधलेला असावा, असे एका पानावर आहे. पुढच्याच पानावर ‘किंवा पालकाच्या पुरेशा ताब्यात असावा’ अशी पुस्ती आहे, आणि पुरेसा ताबा म्हणजे काय याचा कुठेही खुलासा नाही. परिणाम रोज सकाळी मैदानावर पाहायला मिळतो. कुणाच्या हातात आपोआप गुंडाळली जाणारी पाच मीटरची दोरी असते, कुणाची आठ मीटरची, आणि प्रत्येकाचे म्हणणे असते की बटण माझ्या अंगठ्याखाली आहे म्हणजे ताबा माझाच. बटण दाबल्यावर दोरी थांबते हे खरे, पण आठ मीटरवर पळत असलेला पंचवीस किलोंचा कुत्रा त्या टोकाला येऊन थांबतो तेव्हा मूठ सुटते, आणि मूठ सुटली की प्लॅस्टिकची ती डबी रस्त्यावर आपटत कुत्र्याच्या मागे येते. तिला घाबरून तो आणखी जोरात पळतो. हा प्रकार मी स्वतः अनुभवला आहे आणि तेव्हापासून वाघ्या विणलेल्या सुती पट्ट्यावर फिरतो, दीड मीटरच्या. गर्दीत त्याचा निम्मा मनगटाला गुंडाळला की कुत्रा गुडघ्याला खेटून चालतो. नियमाला दोन मीटर अभिप्रेत असतील तर त्याने दोन मीटरच म्हणावे आणि मोकळे सोडण्यासाठी कुंपणाची जागा वेगळी दाखवावी. मुसक्याचा नियम याउलट स्वच्छ आहे: ज्या कुत्र्याच्या चाव्याची नोंद झाली आहे त्याला बाहेर मुसके बंधनकारक, आणि मुसके असे हवे की आत त्याला तोंड उघडून धापा टाकता याव्यात आणि पाणी पिता यावे. कुत्रा घामाने अंग थंड करू शकत नाही, धापा टाकूनच करतो. तोंड करकचून आवळणारी कापडी नळी उन्हात त्याला घातक ठरू शकते. जातीवरून नव्हे, वर्तनावरून मुसके ठरवायचे, ही या नियमातली मला सर्वांत पटलेली गोष्ट.

विष्ठा उचलण्याच्या नियमाबद्दल फार लिहिणार नाही, कारण तो पाळण्यासाठी पिशवी आणि कमरेत वाकण्याची तयारी यांपलीकडे काही लागत नाही. एकच गोष्ट सांगते, जी पुस्तिकेत वाचून माझा आळस गेला. कुत्र्याच्या आतड्यातल्या गोलकृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा ती लगेच बाधक नसतात. मातीत दोन ते चार आठवडे मुरल्यावर त्यांच्यात अळी तयार होते आणि मग ती वर्षानुवर्षे तशीच तग धरून राहू शकतात. मातीत खेळून हात तोंडात घालणारी मुले त्यांची पहिली बळी. म्हणजे त्याच दिवशी उचललेली विष्ठा केवळ चपला वाचवत नाही, ती मातीत काही मुरूच देत नाही. ‘पावसाने वाहून जाईल’ म्हणणाऱ्यांना हे वाचून दाखवावे. पालिकेने पिशव्यांच्या पेट्या लावल्या आहेत; त्या बहुतेक वेळा रिकाम्या असतात, म्हणून आपली पिशवी आपण न्यावी.

तक्रारीची व्यवस्था मला तक्रारीची धनीण म्हणून कळली. वाघ्या दुपारी घरी एकटा असताना भुंकतो, असे शेजारून कुणीतरी कळवले होते. मला आलेल्या सूचनापत्रात दंड नव्हता, धमकी नव्हती. सात दिवस भुंकण्याच्या वेळा लिहून ठेवा, तक्रारदारालाही तेच सांगितले आहे, असा मजकूर होता. दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्यावर दिसले की दुपारी तीनच्या सुमाराला, फाटकावर टपाल पडले की तो अर्धा तास थांबत नाही. टपालपेटी फाटकावरून हलवून भिंतीला लावली आणि प्रकरण मिटले. शेजाऱ्यांशी माझे बोलणेही टिकले, ही छोट्या शहरात लहान गोष्ट नव्हे, कारण त्याच माणसांच्या रांगेत उद्या उभे राहायचे असते. घरात किती प्राणी ठेवावेत याच्या मर्यादेवर मला काही म्हणायचे नाही; माझा तिच्याशी संबंध आला नाही. सूचना आधी आणि दंड नंतर, हा क्रम मात्र इतर खात्यांनीही उचलावा असा आहे.

आता त्या रात्रीबद्दल. वाघ्याला आंघोळ घालून गळपट्टा वाळत टाकला होता, म्हणजे बिल्ला खुंटीवर आणि कुत्रा उघड्या मानेने अंगणात. ही चूक सर्वस्वी माझी. विजेचा एक मोठा कडकडाट झाला आणि तो फाटकाखालच्या फटीतून, जिथून तो कधी निघेल असे मला वाटले नव्हते, निसटला. पाऊस थांबेपर्यंत आणि थांबल्यावर मध्यरात्रीपर्यंत आम्ही हाका मारत फिरलो. नंतर जुळवून पाहिले तेव्हा कळले की मी निम्म्या शहरात त्याला शोधत होते तेव्हा तो एका प्राण्यांच्या दवाखान्यात टेबलाखाली थरथरत बसला होता. कुणा भल्या माणसाने त्याला तिथे आणून सोडले होते, तिथल्या डॉक्टरांनी चिप शोधली होती, पंधरा आकडे वाचून पालिकेच्या मदतवाहिनीला कळवले होते, आणि मदतवाहिनीने पडद्यावर दिसलेला दूरध्वनी फिरवला होता. तो लागलाही. उचलणाऱ्याने आपण कधी कुत्रा पाळलेलाच नाही असे सांगून फोन ठेवला. तो माझा जुना क्रमांक होता. मी सोडल्यावर दुसऱ्या कुणाला मिळालेला. पहाटे वाघ्याची रवानगी कोंडवाड्यात झाली.

क्रमांक बदलल्याचा अर्ज मी पाच महिन्यांपूर्वीच दिला होता आणि त्याची पोचपावती माझ्याकडे होती. सकाळी खिडकी उघडताच मी तिथे पोहोचले. त्याच लिपिकबाईंनी कोंडवाड्याची सकाळची यादी पाहिली: ‘नर, काळा, डाव्या कानास पांढरा डाग’. त्यांनी काही न बोलता मागच्या कपाटातून माझी फाइल काढली, डाव्या बाजूचे छायाचित्र माझ्यासमोर धरले आणि मान हलवली. छायाचित्राच्या मागे, त्याच टाचणीत, माझा क्रमांक बदलाचा अर्ज होता. आवक शिक्का होता, तारीख होती, कुणाचे तरी आद्याक्षरही होते. संगणकावर मात्र तो कुणी चढवलाच नव्हता. आम्ही दोघी त्या कागदाकडे क्षणभर पाहत राहिलो. चौदा तासांनी वाघ्या घरी आला तो चिपमुळे नव्हे, तर कानावरच्या डागामुळे आणि एका बाईंच्या नजरेमुळे.

यात कुणा एका माणसाचा हलगर्जीपणा नाही. घडण चुकीची आहे. एका चिपेचा क्रमांक निदान तीन ठिकाणी नांदतो: पशुवैद्यकाच्या कार्डावर, चिप विकणाऱ्या कंपनीच्या नोंदवहीत आणि पालिकेच्या परवाना यादीत. या तिघींचा एकमेकींशी बोलण्याचा संबंध नाही. त्यातही पालिकेच्या आत परत दोन घरे, कागदी फाइल आणि संगणक, आणि रात्रीची मदतवाहिनी फक्त संगणक पाहते. पाळणाऱ्याला वाटते की एकदा अर्ज दिला, शिक्का मिळाला, काम झाले. अर्जाचा शिक्का म्हणजे अर्ज पोहोचल्याचा पुरावा, नोंद बदलल्याचा नव्हे, हे मला चौदा तास मोजून शिकावे लागले. माझी मागणी साधी आहे: नोंद बदलली की बदललेल्या क्रमांकावरच एक संदेश यावा. संदेश आला नाही तर पाळणारा स्वतःच विचारायला जाईल.

हा दोष फक्त आमच्या शहराचा असता तर मी एवढे लिहिले नसते. अमेरिकेतील प्राणी निवाऱ्यांमधल्या ७,७०० हून अधिक भटकत आलेल्या प्राण्यांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. चिप नसलेल्या कुत्र्यांपैकी शेकडा २२ च्या आसपास मालकांकडे परतली, चिप असलेल्यांपैकी शेकडा ५२. मांजरांमध्ये हाच फरक शेकडा २ पेक्षा कमी आणि शेकडा ३८ इतका होता. चिपेची उपयुक्तता यापेक्षा स्पष्ट आकड्यांत सांगता येणार नाही. तरीही चिप असलेली जवळजवळ निम्मी कुत्री परतली नाहीत, आणि त्याचे मुख्य कारण चिप नादुरुस्त असणे हे नव्हते. नोंदवहीतला पत्ता किंवा दूरध्वनी चुकीचा होता किंवा नोंदच नव्हती. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून कुत्र्यांना चिप सक्तीची झाली तेव्हा तपशील अद्ययावत ठेवणे हाही सक्तीचाच भाग ठरवला गेला. आमच्या नियमावलीत चिप सक्तीची आहे आणि क्रमांक बदलल्यास कळवावे अशी ‘विनंती’ आहे. एक शब्द बदलला तरी पुष्कळ होईल, पण मग कळवलेले वेळेत नोंदवण्याची सक्ती पालिकेला स्वतःवरही घालून घ्यावी लागेल.

मांजरांच्या बाबतीत सेवा आणखी ढिली आहे. मनीची नोंदणी ऐच्छिक म्हणून झाली. तिचा अर्ज कुत्र्याच्याच नमुन्यावर, ‘श्वान’ हा शब्द खोडून घेतला गेला. मांजर घराबाहेर जात नाही, मग तिला नोंद कशाला, हा युक्तिवाद मला रांगेत दोनदा ऐकायला मिळाला. वरचे आकडे नेमके उलट सांगतात: ओळखीवाचून हरवलेले मांजर जवळजवळ परत येतच नाही, कारण गळपट्टा नसलेले मांजर पाळलेले आहे की मोकाट हे बघणाऱ्याला ओळखता येत नाही, आणि घाबरलेले मांजर हाकेला ओ देत नाही, ते जवळच कुठेतरी दडून बसते. कॅनडातील कॅल्गरी शहराने २००६ साली केलेल्या पाळीव प्राण्यांच्या नियमांत मांजरांनाही कुत्र्यांप्रमाणे परवाना लागू केला; इंग्लंडने १० जून २०२४ पासून पाळीव मांजरांना चिप सक्तीची केली. आमच्या पालिकेने निदान मांजरासाठी वेगळा नमुना तरी छापावा. मनीच्या परवान्यावर आजही ‘मुसके: लागू नाही’ असे लिहिलेले आहे आणि ते वाचून तिच्या तोंडाकडे पाहिले की हसू आवरत नाही.

शुल्काची रचना शहाणपणाची आहे. नसबंदी झालेल्या प्राण्याला निम्मे शुल्क, न झालेल्याला पूर्ण. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, आणि कुत्री असो वा मांजर, साधारण नऊ आठवड्यांत विते. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ म्हणणाऱ्या घरातली चौथी आणि पाचवी पिल्ले कुठे जातात हे कोंडवाड्यात एक सकाळ घालवली की कळते. मी घालवली आहे, नाइलाजाने. शेवटच्या पिंजऱ्यात गळपट्ट्याच्या वळाने मानेवरचे केस झिजलेले एक तपकिरी कुत्रे होते. म्हणजे गळपट्टा कधीतरी होता. आत चिप नव्हती.

वापरणाऱ्यांसाठी दोन-तीन व्यावहारिक गोष्टी सांगते. वर्षाच्या लसीला गेल्यावर पशुवैद्यकांना चिप वाचून दाखवायला सांगावे, ती जागेवर आहे आणि बोलते आहे याची खात्री होते. पंधरा आकडे आणि प्राण्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे आपल्या फोनमध्ये ठेवावीत. बिल्ल्यासोबत मिळणारी पातळ कडी काढून दुहेरी वळणाची कडी घालावी. बिल्ला उत्तम आहे पण त्याची कडी फसवी आहे, माझी दोन महिन्यांत उकलली. आणि पत्ता किंवा फोन बदलला तर पालिकेत आणि चिप कंपनीकडे, दोन्हीकडे कळवून आठवड्याने मदतवाहिनीलाच फोन करून ‘माझ्या नावापुढे कोणता क्रमांक दिसतो’ असे विचारावे. गुण द्यायचे तर नियमांना पाचपैकी चार, खिडकीवरच्या माणसांना पूर्ण पाच, आणि नोंदवहीला दोन देईन, तेही ती अस्तित्वात आहे म्हणून.

गेल्या महिन्यात दुसऱ्या नूतनीकरणाला गेले होते. बाईंनी दाखला पाहिला, स्कॅनर थेट डाव्या कोपराशी नेला, ‘टिंग’ ऐकले आणि मग काही न सांगता टेबलावरचा फोन उचलून पडद्यावरचा क्रमांक फिरवला. माझ्या पर्समध्ये फोन वाजू लागला. ही पद्धत नियमपुस्तिकेत नाही, त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच सुरू केलेली आहे, आणि रांगेतल्या प्रत्येकाला त्या असा फोन लावून बघतात. मग त्यांनी मनीची नोंद उघडली आणि पुन्हा क्रमांक फिरवला. या वेळी माझी पर्स गप्प राहिली. पलीकडून आलेला आवाज तोच होता, कुत्रा न पाळणाऱ्या त्या गृहस्थांचा. बाईंनी त्यांची क्षमा मागितली, फोन ठेवला आणि क्रमांक तिथल्या तिथे बदलून पडदा माझ्याकडे वळवला.